मिलानची परिषद आणि दीड महिन्याची लस

नागपुरात थंडी पडली की विधिमंडळाच्या अधिवेशनामागोमाग परिषदांचाही मोसम सुरू होतो. यंदा आमच्या लोकांत, म्हणजे कान-नाक-घसा तज्ज्ञ, ऑडिओलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट आणि कर्णबधिर मुलांना शिकवणारे शिक्षक यांच्यात, एका गोष्टीवरून बरंच वाजलं आहे. श्रवणशास्त्रातलं नवं संशोधन रोजच्या ओपीडीत आणण्यासाठी इथे एक मोठी व्यावसायिक परिषद भरवावी, असा विचार पुढे आला आणि लगेच दोन तट पडले. एक तट म्हणतो, अशा परिषदा म्हणजे वर्धा रोडवरच्या हॉटेलात कंपन्यांच्या पैशाने झडणारी जेवणं; तेवढ्या पैशात तपासणीची चार यंत्रं येतील. दुसरा तट म्हणतो, देशाच्या मध्यावर बसूनही आपण मागे राहिलो, बाहेरचे मोठे वक्ते बोलवा, जगात काय चाललंय ते इथल्या पोरांना कळू द्या. वाद तापला आहे, पण भलत्याच ठिकाणी अडकून पडला आहे. हॉटेल की मेडिकलचं सभागृह, वक्ता देशी की परदेशी, नोंदणी शुल्क किती. सोमवारी सकाळी ओपीडीच्या बाकावर बसलेल्या पेशंटसाठी काय बदलणार, हे मात्र दोन्हीकडून कोणी विचारत नाही.

माझं मत आधीच सांगते. परिषद व्हावी, नागपुरातच व्हावी. पण तिने एका वर्षासाठी एकच सवय बदलायला घ्यावी, ती ठरवताना सभागृहात कर्णबधिर माणसं, आया आणि आशाताई बसलेल्या असाव्यात, आणि पुढच्या वर्षीचं पहिलं सत्र मागच्या वर्षीच्या हिशेबाचं असावं. ती सवय किती जणांनी उचलली, किती बाळं तपासली गेली, घोडं कुठे अडलं, हे सगळं त्यात यावं. हा हिशेब द्यायची तयारी नसेल, तर पहिल्या तटाचं म्हणणं मी मुकाट्याने मान्य करीन.

हे असं ठासून म्हणण्यामागे एक तीन वर्षांचा मुलगा आहे. काही वर्षांपूर्वी सावनेरकडून एक बाई त्याला घेऊन आल्या होत्या. पोरगा चुणचुणीत. आल्या आल्या खोलीभर फिरला, टेबलावरची डफली उचलून उलटीपालटी करून पाहिली. आई म्हणाली, "मॅडम, याले आयकू येते. ट्रॅक्टर आला का पयते बाहेर." मी त्याच्या पाठीमागे जाऊन डफली वाजवली. तो वळला नाही. मग टेबलावर हात आपटला, तेव्हा वळला. त्याचं कोपर टेबलाला टेकलेलं होतं, लाकडातली थरथर त्याला कळली होती. ट्रॅक्टरही त्याला अंगणातल्या जमिनीतूनच कळत असणार. झोपेचं औषध पाजून तो झोपल्यावर कपाळाला आणि कानामागे इलेक्ट्रोड चिकटवून बेरा, म्हणजे आवाज मेंदूच्या देठापर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी, केली. पडद्यावर ज्या पाचव्या लाटेची आम्ही वाट बघतो, ती ९० डेसिबलच्या आवाजालाही उमटली नाही. आईला समजावून सांगितलं. तिने रडण्याआधी एकच विचारलं, "याले कवा आनाले पायजे होतं, मॅडम?" वर्षाचा असताना ती त्याला तालुक्याच्या एका दवाखान्यात घेऊन गेली होती. तिथे सांगितलं होतं, मुलगा आहे, सावकाश बोलेल.

तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं होतं की तुम्ही कुठेही आणायला नको होतं. जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत आम्हीच त्याच्या पाळण्याशी यायला हवं होतं. निरोगी कानात बारीक आवाज सोडला की आतल्या केशपेशी हलतात आणि कान स्वतःच एक मंद पडसाद बाहेर पाठवतो, हे डेव्हिड केम्प यांनी लंडनमध्ये दाखवून दिलं ते १९७८ साली. त्यावरच ओएई ही तपासणी उभी आहे. बाळाच्या कानात मऊ टोक बसवायचं, काही मिनिटांत निकाल, सुई नाही की औषध नाही. मेंदूच्या देठापर्यंत आवाज पोचतो की नाही हे दाखवणाऱ्या बेराच्या लाटांचं सविस्तर वर्णन तर १९७१चं. सहा महिन्यांच्या आत निदान होऊन मदत मिळालेल्या मुलांची भाषा उशिरा सापडलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे राहते, हे अमेरिकेतल्या कोलोराडोच्या अभ्यासाने १९९८ मध्ये मांडलं. आपल्याकडे बहिरेपण प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्ये सुरू झाला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये, आणि त्याच्या यादीत जन्मजात बहिरेपण आहे. म्हणजे शोध, यंत्र, पुरावा, योजना, सगळं होतं. सावनेरच्या त्या पोरापर्यंत यातलं काहीच पोचलं नाही. संशोधन रोजच्या उपचारात मुरायला सरासरी १७ वर्षं लागतात, असा एक अंदाज आरोग्य-संशोधनात नेहमी सांगितला जातो. मेंदूची भाषा शिकायची जी खिडकी असते, ती पहिल्या तीन वर्षांत सगळ्यात जास्त उघडी असते. १७ वर्षांच्या वाटेवर तीन वर्षांच्या पोराने उभं तरी कुठे राहायचं?

आता विरोधकांचं सगळ्यात बळकट म्हणणं घेते, कारण ते खरं आहे. नुसती भाषणं ऐकून डॉक्टर बदलत नाहीत. हे कोणा चिडलेल्या माणसाचं मत नाही. १९९९ साली अमेरिकेच्या जामा या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्याचा निष्कर्षच तो होता. एकतर्फी व्याख्यानांनी डॉक्टरांच्या वागण्यात फरक पडल्याचं दिसत नाही, हातांनी करून बघण्याची आणि चर्चेची सत्रं असतील तर थोडा पडतो. पुढे वैद्यकीय पुरावे पडताळून पाहणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने अशा सभा-कार्यशाळांच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर वागणुकीतली सुधारणा साधारण सहा टक्क्यांच्या आसपास निघाली. सहा टक्के. त्यासाठी दोन दिवस, विमानाची तिकिटं आणि बॅगेत घालून दिलेली ती कापडी पिशवी? आम्हा सगळ्यांच्या नोंदणीला गुण लागतात, ते मिळवायला कित्येक जण पहिल्या चहाला सही करतात आणि दुपारी फुटाळा तलावावर असतात. हे मी पाहिलं आहे. तेव्हा चिडणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही.

पण त्यावरून 'परिषदांनी काहीच होत नाही' असं म्हणणं म्हणजे आमच्याच क्षेत्राचा इतिहास विसरणं आहे. बहिरेपणाच्या इतिहासात सगळ्यात मोठी उलथापालथ एका परिषदेनेच केली, आणि ती वाईट होती. सप्टेंबर १८८०मध्ये इटलीतल्या मिलानला कर्णबधिरांच्या शिक्षणावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. प्रतिनिधी १६४. त्यांत स्वतः कर्णबधिर असलेला माणूस एक. ठराव झाला की शाळांतून खुणांची भाषा जावी, फक्त तोंडी बोलणं शिकवावं. काही दिवसांत संमत झालेल्या त्या ठरावाने युरोप-अमेरिकेतल्या कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, मुलांच्या हातांतली भाषा गेली, आणि तीच हवा जगभरच्या शाळांत शिरली. खुणा केल्या म्हणून हातांवर छड्या खाल्लेली साठीतली माणसं मला नागपुरात भेटली आहेत. मिलानचं नावही त्यांना माहीत नाही. त्या ठरावाबद्दल अधिकृतपणे खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडलं, तोही कॅनडातल्या व्हँकुव्हरला, त्याच परिषदेच्या पुढच्या एका अधिवेशनात. १३० वर्षं! ज्या गोष्टीत इतकं नुकसान करायची ताकद आहे, तिला निरुपयोगी कसं म्हणायचं?

भलं झाल्याचं उदाहरणही जवळचंच आहे. मार्च १९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तीन दिवसांची एकमत परिषद घेतली. प्रश्न एकच ठेवला, बाळाचं बहिरेपण लवकर कसं ओळखायचं. तेव्हा तिथे १०० पैकी १० बाळांचेही कान जन्मतः तपासले जात नव्हते. धोक्याच्या यादीतली बाळं तेवढी तपासून भागत नाही, कारण जन्मजात बहिऱ्या मुलांपैकी जवळजवळ निम्मी त्या यादीबाहेरची असतात, म्हणून सगळी बाळं तपासा, असं त्या परिषदेने सांगितलं. आज तिथे १०० पैकी ९५हून जास्त बाळं तपासली जातात. हे सगळं त्या तीन दिवसांनी केलं असं मी म्हणत नाही. राज्यांनी कायदे केले, पैसा लावला, पालकांच्या संघटना भांडल्या. पण भांडायला हातात एक कागद लागतो, आणि तो त्या सभागृहातून निघाला. मिलान आणि ही परिषद यांच्यातला फरक मला दोन गोष्टींत दिसतो. एक, प्रश्न किती नेमका होता. दोन, खोलीत कोण होतं आणि बाहेर गेल्यावर मोजणार कोण होतं. आमच्या वादात या दोन्ही गोष्टींवर मी अजून एक वाक्य ऐकलेलं नाही.

दुसरा तट इथे खूश होईल, म्हणून त्यांच्याशीही बोलते. बाहेरचे वक्ते बोलवा, जरूर बोलवा. पण ते येऊन काय सांगतील? एक-तीन-सहा सांगतील. एका महिन्यात तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचार. हे सूत्र आमच्याकडे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ आहे. ते इथे अडतं कुठे, हे त्या वक्त्याला माहीत नाही आणि आम्ही त्याला सांगत नाही. सरकारी दवाखान्यात नॉर्मल बाळंतपण झालं की बाई एक-दोन दिवसांत घरी. पहिल्या दिवसांत बाळाच्या कानात ओल आणि जन्माच्या वेळचा चिकट पदार्थ असतो, त्यामुळे चांगल्या कानाचं बाळही ओएईत नापास होतं. त्यात वॉर्डात पंखे, रडणारी बाळं आणि फोनवर मोठ्याने पेढ्यांची बातमी देणारे नातेवाईक. यंत्राला तर शांतता लागते. मग आम्ही लिहितो, 'पुन्हा तपासणीस आणावे.' कोण आणणार? पहिलं बाळंतपण माहेरी असतं. मुलगी नागपुरातून बाळ घेऊन भंडाऱ्याला, तिरोड्याला, पांढुर्ण्याला निघून जाते. सव्वा महिना बाळ-बाळंतीण उंबरठा ओलांडत नाहीत. तो पाळल्यावर बारसं, मग चार दिवस मावशीकडे, मग सासर. 'एका महिन्याच्या आत' हा आकडा ज्या देशात ठरला, तिथे सव्वा महिना ही गोष्टच नव्हती!

आमच्यातले काही जण या ठिकाणी हात वर करतात आणि म्हणतात, लोक अडाणी आहेत, जागृती करा. मला ते पटत नाही. सव्वा महिन्यात अंग धरायचं असतं, बाळाला लागण होऊ द्यायची नसते, त्यात शहाणपण आहे. आणि हीच बाई दीड महिन्याच्या लसीला बरोबर हजर असते. सहाव्या आठवड्यातली ती पेंटाव्हॅलंट सहसा चुकत नाही, कारण तिच्यामागे आशाताई असते, कार्ड असतं, सासूलाही त्याची तारीख ठाऊक असते. मग दुसरी कानतपासणी लसीच्या दिवशी लसीच्याच ठिकाणी का नको? एक महिना उलटून दोन आठवडे जातात, कबूल. पण कागदावरच्या एक महिन्यात न आलेल्या बाळापेक्षा खरोखर आलेलं दीड महिन्याचं बाळ शंभर पटीने बरं. तोवर कानातली ओल गेलेली असते, बाळ दूध पिऊन तिथेच झोपतं, आणि नापास झालं तरी तीन महिन्यांच्या निदानाला वेळ उरतो. हे मला कुठल्या नियतकालिकाने शिकवलं नाही. एका परिचारिकेने शिकवलं, लसीच्या खोलीबाहेरची रांग दाखवून. परिषदेत शोधनिबंध म्हणून हेच यायला हवं. आज येतं का? नाही. कारण आम्ही असल्या गोष्टी वहीत लिहितो आणि वही कपाटात ठेवतो.

यंत्रांचा मुद्दाही याच ओघात निकालात काढते. 'त्या पैशात चार यंत्रं येतील' हे ऐकायला छान वाटतं. कोचीत २००३ मध्ये बालरोगतज्ज्ञांनी सुरू केलेल्या उपक्रमात प्रत्येक रुग्णालयाला वेगळं यंत्र घेतलंच नव्हतं. एक उचलून नेता येणारं यंत्र, एक शिकलेला माणूस, आणि ठरलेल्या दिवशी या रुग्णालयातून त्या रुग्णालयात फेरी. त्यावर एर्नाकुलममध्ये पुढे दहा वर्षं काम झालं आणि लाखाच्या घरात बाळं तपासली गेली. कल्पना एका ठिकाणची दुसऱ्या ठिकाणी जाते ती माणसांच्या भेटीतून. चार यंत्रं विकत घेऊन कुलूपबंद ठेवलेली मी पाहिली आहेत. त्यांच्या प्लास्टिकच्या टोकांची नवी पाकिटं मागवायची कोणी, यावर वर्ष गेलेलं असतं.

आणि काचेत ठेवलेल्या बाळांचं काय? कमी वजनाची, कडक काविळीची, दोन-दोन आठवडे काचेच्या पेटीत राहिलेली बाळं ओएईत पास होऊनही ऐकू न येणारी निघू शकतात, कारण त्यांच्यात कधी कधी केशपेशी धड असतात आणि पुढची नस नीट काम करत नाही. त्यांना बेराच करावी लागते. हे सूत्र नवजात विभागातल्या डॉक्टरला माहीत नसेल, तर तो ओएईचा 'पास' कागद हातात देऊन निश्चिंत होतो आणि आईही निश्चिंत होते. कानवाल्यांनी कानवाल्यांनाच सांगत बसून हे सुटणार नाही. परिषदेचं निमंत्रण बालरोगतज्ज्ञांना गेलं पाहिजे, आणि शेवटच्या रांगेत पाहुणे म्हणून बसवण्यासाठी नव्हे.

'आमच्याकडे एवढी माणसंच नाहीत, ऑडिओलॉजिस्ट बोटांवर मोजण्याइतके, तालुक्याला तर एकही नाही,' हा आक्षेप मी सगळ्यात जास्त मनावर घेते. खरं आहे ते. पण याचं उत्तर आपल्या विदर्भानेच एकदा जगाला दिलं आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. जंतुसंसर्ग ओळखणं आणि त्यावरचं इंजेक्शन देणंही त्यात आलं. तेव्हा काय कमी आरडाओरड झाली असेल? इंजेक्शन म्हणजे डॉक्टरचं काम. पण नोंदी काटेकोर होत्या, प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजलेला होता, आणि १९९९ साली लॅन्सेटमध्ये तो अभ्यास आला तेव्हा नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरलेलं दिसलं. २०११ पासून त्याच धर्तीवर देशभरची आशा घरोघरी जाऊन नवजात बाळ पाहते. तिच्या भेटींचे दिवस ठरलेले आहेत आणि शेवटची भेट असते बेचाळिसाव्या दिवशी. बेचाळीस दिवस म्हणजे बरोबर सहा आठवडे. लसीचाच आठवडा. त्या भेटीत तिने फक्त एवढं विचारायचं, बाळाचा कान पहिल्यांदा पास झाला होता का, काचेत होतं का, घरात कोणी जन्मापासून ऐकत नाही का. संशयाचं बाळ लसीच्या दिवशी यंत्रापुढे. यासाठी नवं पद नको, नवी इमारत नको. गडचिरोली ते नागपूर किती अंतर आहे? एका दिवसात एसटीने जाऊन येता येतं. तिथली माणसं आमच्या परिषदेत मुख्य वक्ते म्हणून का नकोत?

आता पैशाचं. कंपन्यांचा पैसा नको म्हणणाऱ्यांची भीती मला अगदी मान्य आहे, आणि ताजं उदाहरणही देते. उतारवयातल्या बहिरेपणाचा आणि विस्मरणाचा संबंध आहे असं अनेक अभ्यासांत दिसलं. २०१७ मध्ये लॅन्सेटच्या आयोगाने टाळता येण्याजोग्या कारणांत बहिरेपण धरलं. लगेच जाहिराती आल्या, यंत्र लावा, स्मृतिभ्रंश टाळा. २०२३ मध्ये अमेरिकेतली अचीव्ह ही मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ७० ते ८४ वयाची ९७७ माणसं, तीन वर्षं. एकूण गटात यंत्र लावलेल्यांत आणि न लावलेल्यांत बुद्धीच्या घसरणीत ठळक फरक दिसला नाही. ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्या उपगटात मात्र घसरण ४८ टक्क्यांनी कमी दिसली. परिषदेच्या रंगीत पत्रकावर यातलं कोणतं वाक्य छापलं जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. पण म्हणून काय परिषदच नको? मग हे दुसरं वाक्य पेशंटला सांगणार कोण? विक्री करणारा प्रतिनिधी तर दर महिन्याला दवाखान्यात येतोच. त्याची परिषद बारा महिने चालू असते. कंपन्यांनी बाहेरच्या मांडवात टेबलं लावावीत, भाडं द्यावं. कार्यक्रम कोण काय बोलणार हे ठरवताना त्यांचा माणूस त्या खोलीत नसावा, आणि प्रत्येक वक्त्याने पहिल्या पाटीवर आपण कोणाकडून पैसे घेतो ते लिहावं. एवढं सुद्धा जमणार नसेल, तर दोष परिषदेचा नाही, आपल्या कण्याचा आहे.

या यंत्रांवरून आठवले एम्प्रेस मिलमध्ये साच्यावर उमेदीची वर्षं काढलेले एक काका. १८७७ साली सुरू झालेली ती गिरणी कधीच बंद पडली, पण तिचा आवाज तिथे राबलेल्यांच्या कानांत अजून आहे. काकांच्या मुलाने त्यांना महागडं श्रवणयंत्र घेऊन दिलं होतं. ते चष्म्याच्या डबीत होतं. "नुसता गलका येते," म्हणाले, "बोलनं नाही येत." मी तोंड झाकून म्हटलं, 'साल'. ते म्हणाले, "आल". 'चाल'. "आल". 'शाल'. जरा थांबून, "आलच ना?" यंत्र बसवणाऱ्याने संगणकाने आपोआप काढलेली मांडणी भरून पाठवून दिलं होतं. ही आपोआप मांडणी बारीक, चढ्या आवाजांना गरजेपेक्षा कमी उचलते, आणि स, श, च तिथेच राहतात. कानाच्या पडद्याजवळ केसाएवढी नळी सरकवून यंत्रातून खरोखर किती आवाज पोचतोय ते मोजायचं, याला रिअल इअर मापन म्हणतात. जगभरची मार्गदर्शक तत्त्वं कित्येक वर्षं ते करा म्हणून सांगत आहेत. करणारे थोडे. काकांचं मापन केलं, मांडणी बदलली. तिसऱ्या खेपेला त्यांनी 'साल' म्हटलं आणि स्वतःच हसले. यंत्र तेच होतं, एक रुपयाही जास्तीचा लागला नव्हता. ही एक सवय एका वर्षात नागपुरातल्या प्रत्येक केंद्राने उचलायची असं परिषदेत ठरवलं आणि पुढच्या हिवाळ्यात मोजलं, तर तेही पुरेसं काम होईल. त्यासाठी मराठीतल्या, आणि गोंडी-छत्तीसगढी बोलणाऱ्यांसाठी त्यांच्या भाषेतल्या, तपासून घेतलेल्या शब्दयाद्या सगळ्यांकडे हव्यात. छिंदवाडा, बालाघाट, राजनांदगाव, आदिलाबाद, सगळीकडचे पेशंट इथे येतात. परिषद नागपुरातच का, याचं माझं उत्तर हे आहे. इथे प्रश्न चार राज्यांतून चालत येतात.

काकांचे कान मात्र कोणत्याही मापनाने परत येणार नाहीत. १८८६ साली ग्लासगोमध्ये थॉमस बार यांनी बॉयलर बनवणारे १०० कामगार तपासले होते. धड कानाचा एकही सापडला नाही. एम्प्रेस मिल तेव्हा नऊ वर्षांची होती. ब्रिटनमध्ये कामाच्या जागच्या आवाजासाठी स्वतंत्र नियम यायला १९८९ उजाडलं. आपल्या कामगार कायद्याच्या परिशिष्टात आवाजाने येणारं बहिरेपण हा नोंद करण्याजोगा व्यवसायजन्य रोग आहे, पण बुटीबोरी-हिंगण्यातून येणाऱ्या कामगाराच्या ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या आलेखावर, ४००० हर्ट्झला पडलेला आवाजाच्या माऱ्याचा खड्डा बघून ती नोंद करणारे आमच्यात किती आहेत? आणि क्षयरोगाच्या वॉर्डातली माणसं? स्ट्रेप्टोमायसिन १९४०च्या दशकात आलं, ते कान आणि तोल बिघडवतं हे त्याच दशकात लिहिलं गेलं. त्याच कुळातलं कॅनामायसिन औषधाला न जुमानणाऱ्या क्षयात कित्येक वर्षं टोचलं जात होतं. जीव वाचायचा, कान जायचे. जागतिक आरोग्य संघटनेने ते बाजूला ठेवायला सांगितलं २०१९च्या सुमारास, गोळ्यांचा पर्याय हाती आल्यावर. त्या निर्णयामागे ठिकठिकाणच्या दवाखान्यांत गोळा झालेले ऑडिओग्रामही होते. संशोधन दवाखान्यात आणायचं म्हणतो तेव्हा दवाखान्याने संशोधनाला काय परत दिलं, हेही त्याच सभागृहात विचारलं जावं.

सावनेरच्या त्या बाईंचा मोठा मुलगा आता शाळेत जातो. यंत्रं आहेत, खुणा शिकला आहे, आईही शिकली आहे. कॉक्लिअर इम्प्लांटच्या, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या यंत्राच्या, सरकारी योजनेतली वयाची अट मात्र कागदपत्रं जमेपर्यंत निघून गेली. मागच्या पावसाळ्यात त्या दुसरं बाळ घेऊन आल्या. मुलगी, पंचेचाळीस दिवसांची. बाळंतपण माहेरी झालं होतं, तिथल्या आशाताईने लसीच्या कार्डाच्या कोपऱ्यात लाल पेनने लिहून दिलं होतं, 'भावाला ऐकू येत नाही. कान तपासा.' मांडीवर नुकती लस टोचलेली, तिथे टिकली चिकटवलेली, पोरगी रडून रडून झोपली होती. मी उजव्या कानात टोक बसवलं. बाई पडद्याकडे बघत नव्हत्या, माझ्या तोंडाकडे बघत होत्या. उजवा पास. मग अलगद मान वळवून डावा.